शेवटच्या सेकंदाचे दस्तगीरभाई

माझ्या दुकानातल्या संगणकाच्या पडद्यावर दस्तगीरभाई रेक्झिनचा एक तुकडा टाकायचे. सीट कव्हरमधून उरलेला, तपकिरी, एका बाजूनं वेडावाकडा कापलेला. सगळा पडदा झाकून उजव्या कोपऱ्यातलं उलटं चालणारं घड्याळ तेवढं उघडं ठेवायचं आणि हाताची घडी घालून खुर्चीत मागं रेलायचं. खुर्ची माझी. संगणक माझा. बाहेर झेरॉक्ससाठी, सातबाऱ्यासाठी, परीक्षेच्या फॉर्मसाठी ताटकळलेली माणसंही माझीच. पण लिलाव संपेपर्यंत त्यातलं काहीच माझं नसे.

"भाई, निदान आकडा कुठवर गेलाय ते तरी बघू द्या," मी म्हणायचो.

"आकडा बघितला की हात शिवशिवतो विलासराव. बघायचाच न्हाई."

"मग बोली किती लावायची ते कसं कळणार?"

"ते घरनं ठरवून आलोय."

घड्याळ अगदी संपत आलं की ते पुढं वाकायचे, रेक्झिन झटक्यात उचलायचे आणि वरचा आकडा एकदाच पाहायचे. तो घरून ठरवलेल्या रकमेच्या आत असला तर एका बोटानं आपली बोली टाइप करून बटण दाबायचे. पलीकडच्यांना उत्तर द्यायला श्वासभर वेळ उरायचा नाही. गाडी दस्तगीरभाईंची! आकडा वर गेलेला असला तर रेक्झिन पुन्हा खाली. "न्हाई मिळाली," एवढं म्हणून ते उठायचे. एका बटणापायी माझी अख्खी दुपार गेलेली असायची.

घोरावाडी स्टेशनसमोरच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्याला लागून त्यांचं सीट कव्हरचं दुकान होतं. ते मूळचे टाकवे बुद्रुकचे मुलाणी. रिक्षा, जीप, टेम्पो, ज्याची सीट फाटेल तो त्यांच्याकडे यायचा. ओठांत बारीक खिळे धरून बोलायची सवय असल्यामुळे त्यांची अर्धी वाक्यं मला कधी कळलीच नाहीत आणि पुन्हा विचारलं की ते चिडायचे. सीट शिवता शिवता त्यांना गाड्या कळायला लागल्या. हप्ते थकले म्हणून फायनान्स कंपन्यांनी ओढून आणलेल्या गाड्यांचे लिलाव आता संगणकावर होतात. गिऱ्हाइकांसाठी त्यातून गाडी काढून द्यायची आणि थोडी दलाली घ्यायची, हा त्यांचा जोडधंदा झाला. त्यांच्याकडे संगणक नव्हता. तो माझ्याकडे होता, हे माझं दुर्दैव.

दोन वर्षांपूर्वी टाकव्याला भावाच्या घरी ते झोपेतच गेले. गेलेल्या माणसाबद्दल वैतागून लिहू नये असं बायको म्हणते. मला दुसऱ्या कुठल्या सुरात ते आठवतच नाहीत, आणि खोटं गोड लिहिलं तर ते आणखी वाईट वाटेल.

दुकानात बसल्याबद्दल मी त्यांच्याकडून तासावर पैसे घ्यायचो. शेजाऱ्याकडून घेऊ नयेत हे कळत होतं, तरी घ्यायचो, कारण वैताग कुठून तरी वसूल व्हायला हवा होता. ते एकदाही कुरकुरले नाहीत. मला त्याचाही वैताग यायचा.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात होतं. "हवंय असं दिसलं, की भाव वाढला." हे त्यांनी फक्त गाड्यांना लावलं असतं तर मी तक्रार केली नसती. ते चहालाही लावायचे. चहा घेणार का विचारलं की पहिल्यांदा मान हलायची नाही. दुसऱ्यांदा विचारलं की "बघू." तिसऱ्यांदा, म्हणजे पोऱ्या किटली उचलून निघाला की, "आता आलाच हाय तर वत." काही दिवस मी मुद्दाम तिसऱ्यांदा विचारलं नाही. ते तसेच बसून राहिले, रस्त्याकडे बघत. त्यांना मधुमेह होता आणि वेळेवर पोटात काही गेलं नाही की हात थरथरायचे, हे मला माहीत होतं. तरीही विचारलं नाही.

त्यांच्या बायकोनं, जुबेदाभाभींनी, एकदा आमच्या घरी बसून सांगितलेली गोष्ट माझी बायको अजून सांगते. "आमच्या निकाहात काझींनी विचारलं, कबूल आहे का. हे गप. पुन्हा विचारलं, गप. माझे अब्बा उठून उभे राहिले. आत बायका रडायला लागल्या. काझी कागद गुंडाळायला लागले तेव्हा हे म्हणतात, कबूल."

"मग?" माझ्या बायकोनं विचारलं.

"मग काय! रात्री मी विचारलं, असं का केलंत? तर म्हणतात, तुझा बाप हुंड्यातली सायकल परत न्यायला निघालाय का ते बघत होतो."

दस्तगीरभाई शेजारी बसून ऐकत होते. ते म्हणाले, "न्हाई न्हेली की पन."

माझी मुलगी प्राची तेव्हा तळेगावला कॉलेजात जायला लागली होती. तिला स्कूटर हवी होती. लोणावळ्याच्या एका यार्डात लिलावातली एक पांढरी स्कूटर उभी होती. दस्तगीरभाई मला घेऊन निघाले. लोकलमध्ये त्यांनी मला बजावलं, "तितं गेलं की तुमी माजं कुनी न्हाई. तुमी फिराया आलाय. स्कूटरकडं बघायचं न्हाई."

"मग बघायला कशाला चाललोय?"

"मी बघतो की."

यार्डात शिरल्यावर ते एका अपघातग्रस्त ट्रकभोवती फिरले. मग एका कारची सीट हुंगली, एका टेम्पोचा दरवाजा चार वेळा उघडून बंद केला, चौकीदाराला त्या टेम्पोविषयी इतके प्रश्न विचारले की मलाच टेम्पो घ्यावासा वाटला. स्कूटरजवळून ते एकदाच गेले आणि जाता जाता सीटवरून तळवा फिरवला, तेवढंच. मी तासभर उन्हात उभा होतो. शेवटी मला राहवलं नाही. मी चौकीदाराला विचारलं, "काका, ही पांढरी स्कूटर सुरू होते का हो?"

आजूबाजूला गाड्या बघणारे आणखी पाच-सहा जण होते. सगळ्यांनी स्कूटरकडे पाहिलं. दस्तगीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग चौकीदाराला विचारलं, "हे कोन?" आणि फाटकातून बाहेर निघून गेले.

मी एकटा स्टेशनवर आलो. ते बाकावर बसून चिक्की खात होते. एक तुकडा माझ्यापुढं धरून म्हणाले, "खा. गेली ती गाडी."

लिलावाच्या दिवशी रेक्झिन वर गेलं तेव्हा आकडा त्यांच्या ठरलेल्या रकमेच्या जरासाच वर होता. मी अक्षरशः हात जोडले. "भाई, थोडंसंच आहे. लावा!"

"थोडंसंच कवा नसतं?" ते म्हणाले, आणि घड्याळ संपलं.

प्राचीनं ते वर्ष बसच्या दांड्याला लटकून काढलं. ती त्यांच्याशी नंतरही हसून बोलायची, मी मात्र बरेच दिवस घुमा होतो. दस्तगीरभाईंना हरण्याचं काही वाटत नसे. त्यांना जास्त देण्याचं वाटे. "दुसरी येईल," असं ते म्हणायचे आणि खरंच येईपर्यंत वर्षभर थांबू शकायचे. हे माझ्या तेव्हाच नीट ध्यानात आलं असतं तर मी मंदाताईंना त्यांच्याकडे पाठवलं नसतं.

मंदाताई आंदर मावळातल्या खडकमाळ या वाडीवरच्या अंगणवाडी सेविका. टाकव्याच्याही वर, डोंगराच्या कुशीत त्यांची वाडी. मे महिन्याच्या सुरुवातीला त्या कसल्या तरी कागदांच्या झेरॉक्स काढायला आल्या आणि बोलता बोलता त्यांचा आवाज बदलला. वाडीवरच्या मुलांना टाकव्याच्या हायस्कुलात नेणारी जीप बंद झाली होती. जीपवाल्याला कारखान्यात नोकरी लागली, त्यानं गाडी विकून टाकली. मुलगे कुणाच्या दुचाकीवर, नाहीतर पायी जाणार होते. वाडीतल्या पाच मुलींच्या घरी मात्र निकाल झाला होता, जीप असेल तर शाळा, नसेल तर बास. त्या पाचांत मंदाताईंची सुमन होती, नववीत जाणारी.

"तिच्या आजोबांचाच हट्ट हाय," मंदाताई म्हणाल्या. "पोरगी रानातनं एकटी येनार न्हाई म्हनत्यात. त्यांचं पन काय चुकलं? वाडीनं वर्गणी काढलीया. दीर चालवाया तयार हाय. पन नवी गाडी काय त्यात येत न्हाई."

मी फुशारकीनं म्हणालो, "ताई, शेजारी चला. या लिलावांतला त्यांच्यासारखा माणूस पुणे जिल्ह्यात नाही."

दस्तगीरभाईंनी सगळं ऐकून घेतलं. ओठांत खिळे होतेच. "शाळा कवा सुरू?"

"जूनच्या मध्याला."

"लय वेळ हाय."

पहिली जीप त्यांनी पाहून सोडून दिली, इंजिन खोललेलं आहे म्हणाले. दुसरीवर रेक्झिन टाकून बसले आणि रेक्झिन उचलून पुन्हा टाकलं. मे संपला. ते फोन उचलत नसत, म्हणून मंदाताई मला फोन करायच्या. "भाऊ, सुमन इचारती, जीप मिळाली का." मी रोज काहीतरी सांगायचो. फोन ठेवून मी भिंतीपलीकडे जायचो आणि म्हणायचो, "भाई, ही स्कूटर नाही. या वेळी दुसरी येईल म्हणून चालणार नाही."

"तुमाला घाई हाय म्हनून गाडीला घाई नसती."

जून उजाडल्यावर तिसरी जीप आली. ती मात्र त्यांना आवडली, हे मला त्यांनी तिच्याविषयी एक अक्षर न काढल्यामुळे कळलं. गाडी पाहायच्या दिवशी तळेगावच्या पलीकडच्या यार्डात आम्ही दोघं गेलो, अर्थात वेगवेगळे. वाडीवरच्या कुणीही यार्डाकडे फिरकायचं नाही, असं त्यांनी मंदाताईंना तीन वेळा सांगितलं होतं. ते यार्डाच्या एका टोकाला एका मोडक्या बसमध्ये चढून सीटा दाबत होते. मी मान खाली घालून उभा होतो. लोणावळ्यापासून मी यार्डात कुणाशी बोलत नसे.

तेवढ्यात फाटकातून टोपी घातलेले चार जण आत आले. पुढं तुकारामआबा, मंदाताईंचे सासरे, हातात पिशवी. त्यांनी गाड्यांच्या रांगांतून नंबर वाचत वाचत बरोबर ती जीप शोधून काढली. पिशवीतून हळद-कुंकू निघालं. बॉनेटवर बोटं उमटली. चाकाखाली लिंबू गेलं. बंपरवर नारळ फुटला आणि पाणी काचेवर उडालं. मग आबांनी खोबऱ्याचे तुकडे केले आणि यार्डात जेवढे म्हणून लोक गाड्या बघत होते त्या सगळ्यांना, चौकीदारासकट, ते हातात दिले.

"आमच्या वाडीची गाडी हाय," आबा प्रत्येकाला सांगत होते. "पोरी शाळंला जानार हैत हिच्यातनं. या एकदा खडकमाळला."

दस्तगीरभाई बसमधून उतरले. मी त्यांना इतकं लाल झालेलं कधी पाहिलं नव्हतं. कुणी कुणाचं नाही हा त्यांचा नियम त्यांनी स्वतःच मोडला.

"आबा, लिलाव परवा हाय! गाडी अजून आपली न्हाई!"

"असू दे की. गाडी बघाया यायचं आन रिकाम्या हातानं? द्येवाला आधी सांगितल्यालं बरं."

"द्येवाला सांगा ना! त्या पांढऱ्या बुटवाल्याला कशाला सांगता?"

पांढरे बूट घातलेला एक व्यापारी खोबरं चघळत जीपभोवती फिरत होता. आतापर्यंत त्यानं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता तो खाली वाकून टायर बघत होता. एका अख्ख्या वाडीला हवी असलेली गाडी स्वस्तात घ्यावी आणि मग वाडीलाच चढ्या भावानं विकावी, हे कळायला फार डोकं लागत नाही.

"घ्या, भाई," आबांनी दस्तगीरभाईंच्याही हातावर तुकडा ठेवला.

त्यांनी तो खाल्ला. प्रसाद टाकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

लिलावाच्या दुपारी माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मंदाताई, तुकारामआबा, दीर, आणि माझी कायमची ताटकळणारी माणसं. हा लिलाव एका नव्या कंपनीच्या साइटवर होता. सकाळीच मी तिचे नियम वाचले होते आणि दस्तगीरभाईंना मोठ्यानं ऐकवले होते. शेवटच्या पाच मिनिटांत कुणी बोली लावली, की लिलाव आपोआप पाच मिनिटं पुढं सरकणार.

"असं कुटं असतंय? मग संपायचा कवा?"

"सगळे लावायचे थांबले की."

"त्यो काय लिलाव झाला? ते भांडान झालं," असं म्हणून त्यांनी रेक्झिन टाकलं.

शेवटच्या सेकंदाला रेक्झिन उठलं, बोट पडलं, बोली लागली. मंदाताईंनी हात जोडले. आणि कोपऱ्यातलं घड्याळ पुन्हा पाच मिनिटांवर जाऊन बसलं.

दस्तगीरभाई त्याच्याकडे बघत राहिले. आपल्या दुकानाचं कुलूप आपल्याच किल्लीनं उघडेना, तसं त्यांचं तोंड झालं होतं. थोड्याच वेळात पलीकडून बोली आली. साइटवर नावं दिसत नाहीत, पण आम्हा सगळ्यांना पांढरे बूट दिसत होते.

आता खरं तर थांबण्यात काही अर्थ नव्हता. शेवटच्या सेकंदाला लावा नाहीतर पहिल्या, पलीकडच्याला तेवढीच पाच मिनिटं मिळणार होती. हे मी त्यांना सांगितलं. चढत्या आवाजात पुन्हा सांगितलं. त्यांनी रेक्झिन पुन्हा टाकलं आणि घड्याळ संपत येईपर्यंत हाताची घडी घालून बसले. मग उचललं, दाबलं. घड्याळ पुन्हा वर. पलीकडून बोली. पुन्हा रेक्झिन.

"भाई, लगेच लावा ना!"

"सवय हाय."

"अहो पण उपयोग काय?"

"विलासराव, बोलू नका. चुकंल."

ते असं किती वेळ चाललं ते मी मोजलं नाही. आबा दारात उकिडवे बसले होते आणि दर थोड्या वेळानं "झालं का?" विचारत होते. गिऱ्हाइकं कंटाळून गेली. चहा आला आणि मी दस्तगीरभाईंना एकदाच विचारलं, ते गप्प राहिले, आणि पोऱ्या निघून गेला. मग मला दिसलं की त्यांचं बोट थरथरतंय. पुढच्या वेळी त्यांनी रेक्झिन उचललं, एक आकडा चुकला, पुसला, पुन्हा टाइप केला. साइटचं चक्र फिरत राहिलं. घड्याळात काहीही उरलं नव्हतं तेव्हा बोली जेमतेम लागली आणि घड्याळ पुन्हा पाच मिनिटांवर गेलं.

मंदाताई पुढं आल्या. "उठा भाई."

"काय?"

"उठा तुमी. मला दाखवा कुटं दाबायचं."

मला वाटलं ते भांडतील. ते उठले. मंदाताई माझ्या खुर्चीत बसल्या, पदर खोचला, रेक्झिन उचलून खाली टाकलं आणि सगळा पडदा उघडा करून त्याच्याकडे बघत राहिल्या. पलीकडून बोली आली. मला ती वाचताही आली नाही तोवर मंदाताईंनी पुढची लावली होती. पलीकडच्यानं थोडा वेळ घेतला आणि वाढवली. मंदाताईंनी तत्क्षणी वाढवली. त्या थांबत नव्हत्या, विचार करत नव्हत्या. आम्हाला ही गाडी हवी आहे, हे त्या दर वेळी पलीकडच्याच्या तोंडावर सांगत होत्या.

रक्कम वाडीच्या वर्गणीच्या टोकाला आली. मी म्हणालो, "ताई, यात सीटांचे पैसेसुद्धा आले. आतल्या सीटा फाटून गेल्यात. त्यासाठी काही उरणार नाही."

"सीट नसली तर पोरी उभ्यानं जातील," मंदाताई म्हणाल्या. "गाडी नसली तर घरात बसतील." आणि शेवटची बोली लावली. याच्यापुढं वाडीकडे काही नव्हतं. हे दुकानात आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पलीकडच्याला ते माहीत नव्हतं, एवढाच आधार.

घड्याळ चालू लागलं. आता आमच्या हातात करण्यासारखं काही नव्हतं. दस्तगीरभाई दारात, आमच्याकडे पाठ करून उभे होते. एक लोकल आली आणि गेली.

"संपलं?" त्यांनी मागं न बघता विचारलं.

"संपायचंय."

पलीकडून काही आलं नाही. पडद्यावर हिरवी पट्टी आली. मंदाताईंनी मला विचारलं, "आता काय दाबायचं?" मी म्हणालो, "काही नाही ताई, जीप तुमची." त्यांनी पदराच्या टोकानं माझा माऊस पुसला आणि जागेवर ठेवला.

आबांनी टोपी काढून पुन्हा घातली. दीर बाहेर धावला, फोनला रेंज शोधायला. दस्तगीरभाई आत आले, आकडा पाहिला आणि म्हणाले, "लय दिलं." थोडं थांबून पुन्हा, "लय दिलं."

माझा तोल गेला. मंदाताईंसमोर, आबांसमोर मी बोललो. "भाई, आज तुमच्या हातात असतं तर जीप गेली असती. प्राचीची स्कूटर गेली तशी. तुम्हाला गाडी नको असते, तुम्हाला फक्त स्वस्त पडायला हवं असतं."

ते खाली वाकले, रेक्झिन उचललं, घडी घातली.

"व्हय," ते म्हणाले. "ग्येली असती."

एवढंच. मग ते निघून गेले. जे बोललो ते खोटं नव्हतं, आजही म्हणेन. पण खरं बोलायला मी नेमकी तीच वेळ निवडली, जेव्हा त्यांचा हात सर्वांदेखत थरथरला होता. त्यानंतरचे काही दिवस ते माझ्या दुकानात आले नाहीत आणि मी त्यांच्या. भिंतीपलीकडून शिलाई मशीनचा आवाज येत राहायचा. तो थांबला की मी कान द्यायचो.

कागदपत्रं होऊन जीप यार्डातून सुटली ती शाळा उघडायच्या आदल्या दिवशी. ती न्यायला अर्धी वाडी घोरावाडीला उतरली होती, पाचही मुली बरोबर. दिरानं जीप आणून आमच्या गल्लीत उभी केली. दस्तगीरभाईंना कुणी बोलावलं नव्हतं. ते आपणहून बाहेर आले, मागचं दार उघडलं आणि सीटांवरून तळवा फिरवला. स्पंज बाहेर आलेला, पत्रे उघडे.

"भाई, पैसं उरलं न्हाईत," मंदाताई म्हणाल्या.

"मी मागितलं?"

दुकानातलं उरलंसुरलं रेक्झिन त्यांनी बाहेर काढलं. हिरवं, लाल, काळं, जे हाताला लागेल ते. जेवायलाही उठले नाहीत. जुबेदाभाभींनी डबा आणला, तो त्यांनी मुलींना वाटून टाकला आणि स्वतः दोन घास उभ्यानं खाल्ले. एका बाजूची सीट झाली. दुसरीचं फळीकाम झालं, रेक्झिन ठोकायचं राहिलं. ऊन उतरायला लागलं. टाकव्याच्या पुढचा रस्ता अंधारात धड नाही, म्हणून दीर घाई करत होता.

"भाई, ऱ्हाऊ द्या," मंदाताई म्हणाल्या. "तशीच न्येतो. चार दिसांनी आनू."

"उद्या शाळा हाय ना? पोरींच्या पाटीला फळी टोचंल." त्यांनी हातोडी घेतली, खिळ्यांची डबी बनियनच्या खिशात टाकली आणि जीपमध्ये चढले. "चल. टाकव्यापातूर होतंय. म्या तितंच उतरतो भावाकडं."

"चालत्या गाडीत?"

"तू हळू चालव की!"

मुली झालेल्या बाजूला दाटीवाटीनं बसल्या. दस्तगीरभाई समोर गुडघ्यांवर. सुमन, मंदाताईंची मुलगी, रेक्झिनचं टोक दोन्ही हातांनी धरून होती. जीप हलली. मी माझ्या दारात उभा होतो, काहीतरी म्हणायला हवं असं घोकत. नेमकं तेव्हाच कुणीतरी आधार कार्ड पुढं करून म्हणालं, "दोन्ही बाजू काढा." मी ते हातात घेतलं.

"विलासराव!" जीपमधून हाक आली. ओठांतले खिळे त्यांनी तळहातावर घेतले होते. "कातर ऱ्हायली! मशीनवर हाय!"

मी आधार कार्ड तिथंच टाकून त्यांच्या दुकानात शिरलो, कात्री उचलली आणि पळत सुटलो. या वयात, चपलांनी, गल्लीच्या तोंडापर्यंत. जीप स्टेशनच्या वळणावर जरा हळू झाली, तिथं मी तिला गाठलं. सुमननं एक हात सोडून बाहेर काढला आणि कात्री घेतली.

"भाई," मी म्हणालो. पुढचं धाप लागल्यामुळे आलं नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते सुमनवर ओरडत होते. "सोडलंस का? वढ! आनखी वढ, सुरकुती पडती!" सुमननं ओठ आवळून रेक्झिन ओढलं, बाकीच्या चौघीही वाकून टोकाला लागल्या, आणि ते ठोकायला लागले. जीप वळणावरून पलीकडे गेली. दिसेनाशी झाल्यावरही हातोडीचा आवाज थोडा वेळ येत होता.